खाली बसवायची एस्टीम आणि नाल्यापलीकडचे शेत

मी, भागवत नारायणराव हागे, वय सत्तेचाळीस, शिक्षण बी.एस्सी., नोकरी खाजगी माती परीक्षण प्रयोगशाळेत, मूळ गाव वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, हल्ली मुक्काम खामगाव, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणतेही गुंगीचे औषध घेतलेले नाही. मला कोणी लिहायला बसवलेले नाही. खोलीत मी एकटा आहे आणि दाराची कडी मी स्वतः लावली आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसे एखादे पुढे आले तर ते खोटे समजावे.

पुढच्या आठवड्यात अकोल्याला माझे पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन आहे. ते साधे असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. थोड्या वेळाने, मी विचारलेले नसताना, पुन्हा सांगितले. म्हणून लिहायला बसलो. माझी पत्नी वंदना म्हणाली, "खड्याच्या ऑपरेशनले कोणी मृत्युपत्र लिहिते काय? दवाखान्यात डबा कोण आणन, ते ठरवा आधी." डबा हा विषय या दस्तऐवजाच्या कक्षेबाहेरचा आहे.

कलम १. खामगावचे राहते घर माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते माझ्यामागे वंदनाचे राहील. माझी आई गीताबाई हयात असेपर्यंत समोरची खोली तिची. पश्चिमेच्या भिंतीत शेजाऱ्यांनी खिळा ठोकून कपड्यांची दोरी बांधली आहे. ती मी शेजारधर्म म्हणून चालू दिली. ती वहिवाट समजली जाऊ नये.

कलम २. बँकेतील ठेवी, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांत वंदना आणि आमची मुलगी छकुली यांचा सारखा वाटा. दोघींची नावे त्या त्या ठिकाणी वारस म्हणून लावलेली आहेतच. पण नाव लावलेले असणे आणि मालकी असणे यांत फरक पडतो असे माझ्या वाचनात आले, म्हणून इथेही लिहिले.

कलम ३. माझ्या डायऱ्या वंदनाने ठेवाव्यात किंवा जाळाव्यात. धाकटा भाऊ हिंमतराव याच्याविषयी त्यांत जे लिहिले आहे, ते त्या त्या दिवशी मला वाटलेले आहे. पुरावा म्हणून ते वापरू नये. वाचायचेच असेल तर दुसऱ्या दिवशीचे पानही वाचावे. आदल्या दिवशीच्या माझ्या मताबद्दल तिथे बहुतेक वेळा मीच शंका घेतलेली असते.

कलम ४. वरवट बकाल शिवारातले, नाल्यापलीकडचे शेत वाटणीत माझ्याकडे आले आहे. माझ्यामागे ते वंदना आणि छकुली यांचे राहील. सध्या हे शेत हिंमत बटईने करतो : मेहनत त्याची, पीक निम्मे निम्मे. माझ्या मृत्यूनंतरच्या हंगामापासून ही बटई बंद करावी आणि शेत दुसऱ्या कोणाला करायला द्यावे. हिंमतच्या घरचा बराचसा दाणा याच शेतातून जातो, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे कारण न देता असे लिहिणे मला योग्य वाटत नाही. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ५. माझी गडद निळी एस्टीम मोटार सध्या अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. तिची चाकं मी काढून पलंगाखाली ठेवली आहेत. असे का, हे वारसांना कळायला हवे, नाहीतर ते तिला भंगारात देतील.

आपल्याकडे लोक गाडी उचलून घेतात. स्प्रिंगेच्या वेढ्यांत रबर घालतात, म्हणजे खड्ड्यात इंजिनाखालचे तेलाचे चेंबर दगडाला लागत नाही. मला कॉलेजपासून उलट हवे होते : रस्त्यालगत बसलेली, वळणावर न झुलणारी गाडी. गेल्या वर्षी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो असता मी तिच्यासाठी बाहेरच्या बनावटीचे शॉकअब्सॉर्बर घेतले. मूळच्यापेक्षा कडक आणि आखूड. माझा क्रम उलटा झाला. आधी स्प्रिंग ठरवायची असते, मग तिला आवरेल असा शॉक. मी शॉक घेऊन आलो आणि मग त्याला जोड शोधत बसलो.

गाडी छकुलीला जाणार आहे, म्हणून तिच्यासाठी थोडक्यात लिहितो. स्प्रिंग वजन पेलते. शॉक तिचे उसळणे आवरतो. कडक शॉकबरोबर मऊ स्प्रिंग दिली तर एका खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुढच्या खड्ड्याआधी पुरती उलगडत नाही, आणि गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली जात राहते. आखूड शॉकवर उंच स्प्रिंग दिली तर शॉक उभ्या जागीच ताणलेला असतो; चाक खड्ड्यात उतरले की त्याचा ठोका बसतो. आणि फार लहान स्प्रिंग लांब शॉकवर दिली तर जॅक लावल्यावर ती आपल्या जागेत सैल होते, हाताने फिरते. ती सर्वांत वाईट.

खामगावात सस्पेन्शनचे काम करणारा हैदर माझ्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे दोन संच होते. लाल संच कडक, गाडी दीडेक इंच खाली बसवणारा. काळा संच मऊ, जेमतेम बोटभर खाली आणणारा.

"भाऊ, या शॉकपले लालच लागते," हैदर म्हणाला. "काळी टाकली त शॉकप ठोकन. मंग तुमी मलेच शिव्या द्यान."

"लाल संच तुझ्याकडे कधीपासून पडून आहे?"

"पडून हाय म्हणून सांगून नाही राह्यलो. काळा बी पडूनच हाय."

शॉकबरोबर आलेल्या माहितीपत्रकातही लालसारख्याच स्प्रिंगेची शिफारस होती. त्या दिवशी हिंमत ट्रॅक्टरच्या कामाने खामगावात आला होता. तो म्हणाला, "लालच घे दादा. बसली त शोभली पाह्यजे. नाहीतं हा खटाटोप काऊन केला?"

तिघांचे एकमत झाले की मी सावध होतो. मी काळा संच बसवून घेतला. शेगाव रोडवरच्या पहिल्याच गतिरोधकावर मागून ठोका आला, हैदर म्हणाला होता तसाच. त्यामुळे तांत्रिक बाजूने मला बोट ठेवायला जागा उरली नाही. मग मी दुसऱ्या बाजूने विचार केला. हिंमतच्या स्वतःच्या जीपच्या स्प्रिंगांत रबर घातलेले आहे. उचललेल्या गाडीत फिरणारा माणूस मला खाली बसायला का सांगतो?

उत्तर मला नाल्यात सापडले. शेतात जाताना तो ओलांडावा लागतो, आणि त्याच्या मध्यात एक काळा दगड वर आलेला आहे. मूळच्या उंचीवर एस्टीम त्यावरून कशीबशी निघायची. लाल स्प्रिंगांवर निघणार नाही, चेंबर फुटेल. मी शेतात जातो तो आई आणि वंदना यांना घेऊन, गाडीनेच. आईच्या गुडघ्यांनी नाला पायी ओलांडणे होत नाही. गाडी थांबली की आई थांबली, आई थांबली की माझे जाणे कमी झाले, आणि मग सोयाबीनची किती पोती झाली हे हिंमत सांगेल ते. त्याचे स्वतःचे शेत याला लागूनच आहे, आणि मधल्या धुऱ्याजवळचे दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, त्याने आधीच आपल्याकडे ओढले आहेत. त्यानंतर सगळे शेत ओढायला वेळ लागणार नाही.

मी अति करतो आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर देण्याआधीच पुढची गोष्ट घडली. काळा संच ठोकतो हे सांगायला मी हैदरकडे गाडी नेली. चहा घेऊन परत आलो तो हैदर टेपने गाडीची रुंदी मोजत होता : एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, पुढे आणि मागे. स्प्रिंगेला उंची लागते, रुंदी नव्हे. दुसऱ्या हातात फोन होता. "हाव हिंमतभाऊ, लिहून घ्या," एवढे मी ऐकले. मला पाहून त्याने फोन ठेवला.

"रुंदी कशाला मोजतोस?"

"असीच, भाऊ."

कारणाशिवाय कोणी टेप काढत नाही. गाडी वाहून नेण्यासाठी दुसरे वाहन बघत असतील, गिऱ्हाईक ठरले असेल, असा मी अर्थ लावला. त्याच दिवशी गाडी घरी आणली आणि चाकं काढली. हैदरकडे पडून असलेल्या लाल संचावर, पुढे घ्यावाच लागला तर तो बदललेला नसावा म्हणून, मी आधीच पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवली होती.

कलम ४ मधील सूचनेचे कारण हे असे आहे.

कलम ६. वरील कलमे लिहून झाल्यावर शेताच्या चतुःसीमा प्रत्यक्ष पाहाव्यात म्हणून मी मोटारसायकलने वरवटला गेलो. नाल्याजवळ आल्यावर थांबलो. नाल्याच्या पात्रात या काठापासून त्या काठापर्यंत दोन पट्ट्या भरलेल्या होत्या. खाली काळा दगड, वर मुरूम, धुमसाने ठोकून बसवलेला. दोन्ही पट्ट्यांच्या खालून पाणी जायला सिमेंटचे पाइप घातलेले. मधला दगड दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये, आणि त्याचा माथा आता पट्ट्यांच्या खाली होता.

पहिला विचार आला, रेतीचे ट्रॅक्टर माझ्या शेतातून जाऊ लागले. मी फोटो काढले. मग पट्ट्यांकडे नीट पाहिले. त्या ट्रॅक्टरच्या चाकोरीला जुळत नव्हत्या. ट्रॅक्टरचे मागचे चाक निम्मे बाहेर लोंबले असते. बैलगाडीचीही ती चाकोरी नव्हती. पिशवीत टेप होता, मी खाली उतरलो. तेवढ्यात हिंमत शेतातून आला.

"काय मोजून राह्यला, दादा?"

"हे कोणी केलं?"

"म्या."

"कशासाठी?"

"रस्ता हाय."

"ट्रॅक्टर यावर बसत नाही."

"ट्रॅक्टरले काय करायचा रस्ता? तो असाही निंगते." तो काठावर बसला आणि पायातला काटा काढू लागला. "लाल स्प्रिंगा टाकल्यावर तुही चेंबर त्या दगडाले लागली असती. आई येते ना गाडीत. तिले काय पायी आणतं?"

"माप कुठून आणलं?"

"हैदरभाऊनं देल्लं. तुले इचारलं असतं त तू तीन दिवस इचार केला असता, का हिंमत माप काऊन मागून राह्यला."

मी टेप गुंडाळला.

"दोन्हीकून चार बोटं जास्तीची ठेवली," तो म्हणाला. "तुही ड्रायव्हिंग पाह्यली हाय म्या."

घरी येऊन मी माप ताडून पाहायचे ठरवले. त्यासाठी चाकं पुन्हा बसवावी लागली. वंदनाने जॅकचा दांडा हातात दिला आणि विचारले, "गेला काय चोर?" मी दोन्ही बाजूंनी मोजले. चार बोटे जास्तीची आहेत. उजवीकडे थोडी अधिक आहेत, पण ती खोट धरण्याजोगी नाही.

कलम ७. एकाच मृत्युपत्रात दोन कलमे एकमेकांविरुद्ध गेली तर शेवटचे धरले जाते, असे मला वकिलांनी सांगितले आहे. म्हणून मागचे काही खोडत नाही. मी काय समजत होतो ते तसेच राहू द्यावे. यापुढचे धरावे.

शेताची मालकी कलम ४ प्रमाणेच राहील. बटई मात्र हिंमतकडेच राहील, तो नको म्हणेपर्यंत. धुऱ्याजवळच्या दोन तासांचा वाद वेगळा आहे. तो कायम आहे आणि वंदनाने तो सोडू नये.

गाडी छकुलीची. तिच्यावर लाल संच बसवावा. बसवल्यावर जॅक लावून चारही स्प्रिंगा हाताने फिरवून पाहाव्यात. एकही सैल फिरता कामा नये. काही दिवस चालवून गाडी बसली की चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी. स्प्रिंगा बदलल्या तरी मी ठेवलेल्या जुन्या मूळच्या स्प्रिंगा विकू नयेत. नाल्यातल्या पट्ट्यांवरून ट्रॅक्टर नेऊ नये, त्या त्यासाठी केलेल्या नाहीत.

हत्यारांची पेटी, टेपसकट, हिंमतला द्यावी.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वंदनाने करावी. हैदर साक्षीदार असल्यामुळे त्याच्या नावे मी काही ठेवलेले नाही. पुढे कोणाला शंका राहू नये म्हणून साक्षीच्या वेळी झालेले बोलणे इथेच नोंदवतो. हैदरने कागद वाचला.

"भाऊ, पाचव्यात त तुमी मले चोर करून टाकलं."

"सहावं वाच."

त्याने वाचले. "मंग पाचवं खोडा ना."

"खोडाखोड असलेला दस्त संशयास्पद ठरतो."

"तुमाले कोन्ता नाही वाटत?" असे म्हणून त्याने पेन मागितला, आणि लाल संच कधी टाकायचा ते विचारले. मी उद्या सांगितले. रविवारी आईला नाल्यापलीकडे नेऊन आणायचे आहे. त्यानंतर अकोल्याला दवाखान्यात ही गाडी हिंमत चालवत नेईल आणि मी मागच्या सीटवर बसेन.

वरील मजकूर मी वाचला, पुन्हा वाचला, तो माझाच आहे.

मृत्युपत्र करणार : भागवत नारायणराव हागे (सही)

भागवतराव यांनी आमच्या दोघांच्या समोर सही केली, आणि त्यांच्या समोर आम्ही केली :

साक्षीदार १ : शेख हैदर शेख सकलैन, रा. खामगाव (सही)

साक्षीदार २ : पुंजाजी वामनराव बोदडे, रा. खामगाव, प्रयोगशाळेतील सहकारी (सही)

ठिकाण : खामगाव, जि. बुलढाणा
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५