सेनापती मागे फिरत नसतो

३ नोव्हेंबर, सकाळ
ठरलं. ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या वर्धापनदिनाला नाटक, आणि सेनापती आपण. चौथीच्या पुस्तकात याच सेनापतीची कविता होती. शाळेत त्याच्यावर नाटकही झालं, पण मास्तरांनी आपल्याला नदीकाठचं झाड केलं. सगळा अंकभर हात वर करून उभा. मुंगी चावली तरी हललो नाही. तेव्हापासूनची इच्छा आता पुरी होणार.
आजपासून मिशा वाढवणे.
कविता अजून तोंडपाठ आहे:
'पूर नदीला, पल्याड वैरी, मागुन ये फर्मान,
हसून वदला सेनापती तो…'
पुढचं जेवल्यावर आठवेल.

४ नोव्हेंबर
नाही आठवलं. जेवण जड झालं असावं.
नाटक लिहिलंय आपल्या ग्रंथपालाने, बसवणारही तोच. जन्म वाचनालयात गेल्यामुळे माणूस कुजबुजत बोलतो, पण लेखणी बरी आहे. पहिल्या अंकात सेनापती नदीकाठी. राजधानीत लोडाला टेकून बसलेली मंडळी घाबरतात आणि खुद्द प्रधान येऊन हुकूम देतो, सेनापती, इथूनच मागे फिरा. सेनापती साफ नाही म्हणतो आणि नदी ओलांडतो. दुसऱ्या अंकात लढाई जिंकतो. इथवर फर्स्टक्लास. तिसऱ्या अंकात मात्र हाच पठ्ठ्या प्रधानापुढे तलवार ठेवून माफी मागतो.
का, म्हणून विचारलं. ग्रंथपाल काहीतरी पुटपुटला. कान जवळ नेला तेव्हा कळलं: लढाई सेनापतीची असली तरी राज्य लोकांचं, त्यांनी निवडलेल्या प्रधानाचा हुकूम मोडला तर जिंकलेल्यानेही झुकायचं.
अजिबात पटलं नाही. ज्याने कधी चिखल तुडवला नाही त्याने मागे फिर म्हणायचं आणि वर माफीही घ्यायची?
गुप्त निश्चय: तिसऱ्या अंकात तलवार ठेवायची नाही. ऐनवेळी छाती काढून उभं राहायचं. ग्रंथपाल ओरडून ओरडून किती ओरडणार.

९ नोव्हेंबर
प्रधानाचं काम पोस्टमास्तरांकडे होतं. त्यांनी नवी कवळी बसवली. आता 'सेनापती'तल्या 'से'ला शिट्टी वाजते आणि सैनिक हसतात. त्यामुळे ते बाद.
ग्रंथपालाने आपल्या हिलाच विचारलं. ही हो म्हणाली. नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, आवाज खणखणीत. हिने 'होल्ड करा' म्हटलं की भले भले साहेब मुकाट्याने होल्ड करायचे.
बरंच झालं. घरचंच माणूस, दबून राहील.

१२ नोव्हेंबर, दुपार
भूमिका अंगात मुरली पाहिजे. सबब आजपासून घरातही सेनापतीसारखं राहायचं. आवाज भारदस्त, मान ताठ, निर्णय ठाम.
सकाळी फिरून त्याच रुबाबात दारात आलो. स्वयंपाकघरातून न बघताच ही म्हणाली, अहो, इथूनच मागे फिरा, फरशी ओली आहे, बूट बाहेर.
फिरलो. बूट काढले. याला पराभव म्हणत नाहीत. शक्ती मोठ्या लढाईसाठी राखून ठेवायची असते.
एक मात्र आहे, हिचं पाठांतर जोरात चाललंय.

१५ नोव्हेंबर
खांद्यावरून सोडायला लाल कापड हवं. दिवाणखान्याचा पडदा हेरून ठेवला होता. ही म्हणाली, पडद्याला हात लावलात तर बघा. कणखर वाटाघाटी केल्या. जुना टेबलक्लॉथ मिळाला. कडेने गुलाब आहेत, पण लांबून पदकं वाटतील.
कवितेची ती ओळ जिभेवर आहे.

१८ नोव्हेंबर
तालीम उत्तम. हातात कागद असला की आपला नकार असा काही गरजतो की हॉलचा चौकीदार डोकावून गेला. ग्रंथपाल म्हणतो, आता कागद सोडा. त्याला काय कळतंय. सेनापती घोकत नसतो, त्याला स्फुरतं.
ही मात्र चष्मा लावून वाण्याची यादी वाचल्यासारखं वाचते. ग्रंथपालाने हात जोडले, म्हणाला, वहिनी, घरी यांच्याशी बोलता तसं बोला. ही म्हणाली, ते त्या दिवशी आपोआप येईल, काळजी करू नका.
बिचारी. स्टेजवर गडबडेल. सांभाळून घ्यावं लागणार.

२५ नोव्हेंबर
उद्या प्रयोग. अंगरख्याची मधली दोन बटणं लागत नाहीत. टेबलक्लॉथखाली झाकलं जाईल. गुडघ्यापर्यंतचे बूट शेजारच्या निवृत्त फायरमनकडून आणलेत. पाय आत गेले. बाहेर काढायला फायरमनच लागला.
तिसऱ्या अंकाचा बेत कायम. तलवार खाली ठेवणार नाही म्हणजे नाही. प्रधान कोणी का असेना.

२६ नोव्हेंबर
आज. मिशा चिकटवायच्या आहेत. (वाढवलेल्या लांबून दिसत नाहीत.) हिने दही-साखर दिली नाही, म्हणाली, खोकला होईल. बरोबर आहे.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळ
जे झालं ते झालं तसं लिहितो.
पडदा वर. हॉल भरलेला. नदीकाठी आपण, टेबलक्लॉथ वाऱ्यावर. (पंखा.) पहिली वाक्यं खाडखाड गेली. आपण नदीत पाऊल टाकणार, इतक्यात डावीकडून प्रधान आला. ही. चष्मा काढलेला. हातात कागद नाही. कमरेवर हात ठेवून आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, सेनापती, इथूनच मागे फिरा.
आणि आपण म्हणालो, बरं.
फिरलो. दोन पावलं चाललो. मग स्टेजवर बसून बूट काढू लागलो.
हे का, ते मला विचारू नये. शरीराने परस्पर घेतलेला निर्णय आहे.
बूट निघेना. सैनिकांपैकी दोघांनी एकेक पाय धरून ओढायला सुरुवात केली. विंगेत ग्रंथपाल आपलं पुढचं वाक्य सांगत होता म्हणे. ओठ हलताना दिसले. पहिल्या रांगेतले लोक रुमालात तोंड घालून हसत होते. पोस्टमास्तरांची कवळी पडली असं कळतं.
डावा बूट निघाला. प्रधानाने तो उचलला, एका बाजूला नीट ठेवला आणि प्रेक्षकांकडे वळून ही म्हणाली, सेना परत चालली आहे, चहा तयार असेल.
पडदा. एवढी टाळी मंडळाच्या इतिहासात झाली नाही.
दुसरा अंक झाला नाही. तिसरा नाही. सेनापती नदीपलीकडे गेलाच नाही, तर लढाई कसली आणि माफी कसली.
म्हणजे एका अर्थाने तलवार आपण खाली ठेवलेली नाही. निश्चय पाळला.

२८ नोव्हेंबर
उजवा बूट आज दुपारी निघाला. तेल लावून.
घरी यावर बोलणं नाही. फक्त चहा देताना ही म्हणाली, एकदा तरी नाही म्हणून बघायचं होतंत, मी वाट बघत होते. आपण बिस्किट मागितलं.

३० नोव्हेंबर, सकाळ
ग्रंथपाल येऊन गेला. दुसऱ्या मंडळाने प्रयोग मागितलाय. एकच अंक, परवाच्यासारखाच, बुटासकट. म्हणाला, मला जे सांगायला तीन अंक लागले ते तुम्ही एका शब्दात सांगितलंत.
आपण साफ नकार दिला. अपमानाला सीमा असते. पायाखालची जमीन गेली तरी चालेल, पण पुन्हा त्या स्टेजवर पाऊल ठेवणार नाही. या वेळी नाही म्हणजे नाही. हिलाही स्पष्ट सांगितलं. ही म्हणाली, पाचला तालीम आहे, सैल बूट बघून ठेवा.
आणि आत्ता, लिहिता लिहिता, कविता आठवली. इतक्या वर्षांनी अख्खी ओळ डोळ्यांसमोर उभी राहिली:
'हसून वदला सेनापती तो, मागे फिरणे म्ह
ही हाक मारते आहे.
आलो.