तिसरी खुंटी

तंजावूर,
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू काठी घेऊन चालायला लागलीस, असं अमरसिंह दादा म्हणाला. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. माझं मराठी इंग्लिश मीडियमवालं आहे, हसू नको.

पहिली गोष्ट, तुझी वीणा हॉटेलच्या लॉबीत शोभेला जाणार नाही! ऑपरेशनला जाताना तू म्हणालीस ना, "दसऱ्याच्या आत तिसरी खुंटी बसली नाही तर देऊन टाक, श्रुती न धरणारी वीणा घरात नको"? बसली. काल संध्याकाळपर्यंत तार जरासुद्धा उतरली नाही. अय्यो, किती घाबरले होते मी!

दुकानातल्या नव्या खुंट्या सगळ्या बारीक. कागद गुंडाळून बसवल्या तरी सरकायच्या. गिटारची खुंटी ऑनलाइन मागवली, पण तिच्यासाठी ड्रिल करावं लागलं असतं. तुझ्या वीणेला ड्रिल? छे. मग तिरुवैयारूला एक जुनी वीणा सापडली. बूड तडकलेलं, पण खुंट्या मस्त. तुझी वीणा घडवणाऱ्या आसारीच्याच हातची. खुंटी जरा जाड होती. पॉलिश पेपरने घासली, खडू लावला, फिरवून बघितली, परत घासली. शेवटी अशी बसली, जशी तिथलीच.

कुणाची वीणा, ते लिहायचं टाळत होते. वासुकी मामींची. तुझ्याबरोबर शिकायच्या, आणि आता तू ज्यांचं नाव काढत नाहीस, त्या.

तुटक्या खुंटीचा फोटो बघून म्हणाल्या, "जोरात पिळते. पहिल्यापासून. तानम अजून घाईतच वाजवते का गं?"

"तुम्हीच विचारा की मामी."

"पो डी! जा गं!" म्हणाल्या, आणि आपल्या वीणेची खुंटी काढून माझ्या हातात दिली.

सरस्वती पूजेला वीणा पूजेत ठेवली. दसऱ्याला ती वाजायला पाहिजे, आणि मला तर पहिल्या धड्यांपुढे काही येत नाही. म्हणून मामींना बोलावलं. तुझ्या जागेवर बसल्या. रागावू नको. त्यांची श्रुती वेगळी, पण त्यांनी वीणा तुझ्या श्रुतीला लावली. मला सांगावंसुद्धा लागलं नाही.

आत्या, त्यांच्याकडे आता वाजवायला वीणाच नाही. तू येईपर्यंत त्यांना रोज येऊ देऊ का? त्या विचारणार नाहीत, म्हणून मी विचारते.

हो म्हण.

हातांना अजून खडू लागलेली,
तुझी साईप्रिया