पालथ्या बादलीतली हवा

१० फेब्रुवारी

पोहोचली बाई एकदाची जबलपूरला! विजय नगरमधली खोली झकास आहे. गच्ची आहे, समोर समोसेवाला आहे, अजून काय पाहिजे? हातानं लिहायचा आळस, म्हणून रोजनिशी मोबाईलमध्येच. आई अजून फुगून बसली आहे, म्हणे, एम.एस्सी. करून तू दलदलीचा गॅस मोजणार काय? मोजणार! नागपूरच्या नातेवाइकांपासून सुटका, ती वेगळीच.

जोडीला योगेश आहे. होडी आणि मशीन त्याच्याकडे. इथल्याच चेरीताल भागातला, घरचा मराठीच, पण दर वाक्यात हिंदी घुसतं. पहिल्या मिनिटापासून मला ‘दीदी’ करून टाकलं. वडील फॅक्टरीत होते, ते गेले. आता घरी तो आणि त्याची आई, सत्यवतीकाकू. काकूंनी लगेच जेवायला बोलावलं आणि नको-नको म्हटलं तरी पोळ्या वाढत राहिल्या. काहून लाजून राहिली, घरचीच तू, असं वर दटावलं. निघताना हळूच सांगितलं, पोराला पोहता येत नाही, एकुलता एक आहे, लक्ष ठेवजो. होडीवाला आणि पोहता येत नाही! मला हसूच आलं.

१२ फेब्रुवारी

काम सोपं आहे. परियट नदीला लागून मोठी दलदल आहे. वरच्या गोठ्यांचं शेणपाणी नदीतून तिच्यात शिरतं. त्या खतावर जलकुंभी, म्हणजे आपली जलपर्णी, अशी माजली आहे की पाणी दिसतच नाही. खाली गाळात सगळं सडतं आणि गॅस वर येतो. तो पकडायला पाण्यावर बादली पालथी ठेवायची, भोवती ट्यूब बांधायची म्हणजे तरंगते. बादलीतून नळी मशीनला. गॅस साठत जातो तशी पडद्यावर रेघ चढते. मोजून झालं की बादली उचलायची, आतली हवा बदलायची, पुन्हा ठेवायची. योगेशच्या भाषेत, दलदल को ताजी हवा खिलाना.

वास मात्र अरे देवा! केस धुतले तरी जात नाही.

१६ फेब्रुवारी

तीन बादल्या लावल्या, त्यातली मधली चक्रम निघाली. रेघ चढायच्या ऐवजी उतरून राहिली. आतली हवाच कमी होऊन राहिली होती. प्रकल्प विनय सरांचा, ते भोपाळला बसतात. फोनवर म्हणाले, नळी गळत असेल. नळी बदलली. तेच. उचलायला गेलो तर बादली पाण्याला अशी चिकटलेली की योगेशला दोन्ही हात लावावे लागले. तो हसत होता. मला नाही आवडलं ते.

१९ फेब्रुवारी

योगेश पाण्यात गेला.

तीच बादली ओढत होता. वाकला आणि — मी शर्ट धरला होता त्याचा. सुटला हातातून. जलकुंभी फाकली आणि मिटली. बुडबुडासुद्धा आला नाही.

बचावपथक दिवसभर शोधून राहिलं. काकू काठावर बसल्या आहेत. त्यांच्यासमोर जायची हिंमत होत नाही.

२० फेब्रुवारी

मशीन त्याच बादलीला लागलेलं, चालूच राहिलं होतं. आज पडदा बघितला. रेघ वर, खाली. वर, खाली. नळी काढून तिच्यात मी स्वतः श्वास घेतला, सोडला. हुबेहूब तशीच रेघ!

बादलीखाली कोणीतरी श्वास घेऊन राहिलं आहे.

धावत जाऊन काकूंना सांगितलं, योगेश जिवंत आहे. त्यांनी माझे हात कपाळाला लावले. पाणबुडे तिथे उतरले. म्हणाले, गाळ आहे, कोणी नाही. आम्हाला पटलं नाही. मुळांत अडकला असेल, यांना दिसला नसेल. काकू म्हणाल्या, हवा संपू देऊ नको बेटा.

उचलते, ठेवते. उचलते, ठेवते.

२२ फेब्रुवारी

योगेश सापडला. कितीतरी पुढे, बंधाऱ्याजवळ. डॉक्टर म्हणाले, पडला तेव्हाच गेला.

काकूंनी त्याचं तोंड बघितलं नाही. तो माझा नाही, म्हणाल्या. माझा बादलीखाली आहे, तूच तर सांगितलं.

रेघ चालूच आहे. आता संथ. जेवून झोपलेल्या माणसासारखी.

मग मी हवा कोणाला देऊन राहिली होती?

२३ फेब्रुवारी

आज उचलली नाही.

रेघ जोरजोरात. बादली थरथरून राहिली. काकू काठावरून ओरडत होत्या, उचल गं, जीव जाईल त्याचा. मी कान दाबून घेतले आणि —

सपाट. रेघ सपाट झाली. सुटली म्हणून मी रडली. काकू नाही रडल्या. तू मारलं त्याला, एवढंच म्हणाल्या.

२४ फेब्रुवारी

काठावर काकूंच्या चपला. काकू नाहीत.

पथकाला फोन केला. गोहलपूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले, येतो म्हणाले.

मी होडीत. मशीन लावलं. रेघ सपाट.

सपाट.

हलली.

बारीक आहे. धाप लागल्यासारखी. काकूंची? कसं कळणार, श्वासाला काय चेहरा असतो!

काकू असतील तर हवा संपून राहिली. नसतील तर — खाली जे आहे त्याला हेच पाहिजे, की मी उचलावी —

रेघ मंदावली. अजून मंद.

नाही, मी नाही बघू शकत. पुन्हा नाही. बोलून टाइप करते, हात मोकळे पाहिजेत — उचलते आहे — काकू, इकडे या, धरा मला —

हात आला. गार आहे. धरला मी. धरला! काकू, सोडू नका, ओढते — काकू, तुमचा हात एवढा मोठा कसा —