लिहिल्याबरहुकूम

२ मार्च
निबंध छापून आला! मेंढीच्या हाडातल्या मगजातून मूळपेशी काढून त्यांच्यापासून हाड घडवणाऱ्या पेशी कशा वाढवाव्यात— सात पानं. साहेबांचं नाव, साहेबांच्या मेहुण्याचं नाव. माझं कुठंच नाही. अकरा वर्षं त्या पेशींना खाऊ घातलं मी. मेहुण्याला डिशचं झाकणसुद्धा उघडता येत नाही!
विचारलं. साहेब हसले. "काका, खाऊ घालणाऱ्याचं नाव छापायला लागलो तर आचाऱ्यांचीही छापावी लागतील."
पिपेट धरायला मी शिकवलं या माणसाला.

३ मार्च
निबंध नीट वाचला. पान चार— 'पेशी पेरल्यावर तिसऱ्या दिवशी हाडाचे खाद्य सुरू करावे.'
तिसऱ्या दिवशी! हसू आवरेना. माझ्या वहीत तिसऱ्या दिवशी 'खाद्य बदलले' असं असतं— साधं खाद्य! यांनी हाडाचं, म्हणजे पेशींचं हाड करणारं, धरलं. डिशचा तळ गच्च भरावा, शेजारी शेजाऱ्याला भिडावा, मग हाडाचं. कधी सहा दिवस, कधी आठ. विरळ पेशींवर घातलं तर हाड धरत नाही.
हे फक्त मला ठाऊक. राहू दे मलाच.

५ मार्च
महिनाअखेर प्रयोगशाळेच्या पाहणीला समिती येणार. साहेब म्हणाले, "त्यांच्यासमोरच रंग टाकू. डिश तुम्हीच लावा, काका."
लावतो की. छापलंय तश्शी!

८ मार्च
तिसरा दिवस. तळ अर्धा रिकामा. घातलं हाडाचं खाद्य.
खाद्य घालताना मी नेहमी शाळेतली कविता गुणगुणतो. गुरुजी छडीवर ताल धरून शार्दूलविक्रीडित म्हणवून घेत— काय दिवस होते! उघड्या खिडकीतून ओळी बाहेर उडायच्या. आज दुसऱ्याच ओळीवर अडलो. पाप वगैरे? छे! मी तर आज्ञाधारक.

१७ मार्च
सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. एकेकट्या पडल्यात बिचाऱ्या. बघवत नाही. तरी बघतो.

२९ मार्च
झालं! समितीच्या बाई, मागे चार माणसं. साहेब नव्या कोटात. मी रंग टाकला, धुतला. हाड धरलं की तळ लालभडक होतो. निघालं नुसतं गुलाबी पाणी.
"हाड कुठंय?" बाई म्हणाल्या.
साहेब माझ्यावर खेकसले, "काका, काय केलंत?"
"पान चार. शब्द न् शब्द."
बाईंनी पान उघडलं, वाचलं, मिटलं. साहेबांचं तोंड बघण्यासारखं! मेहुणा तर भिंतीवरचं घड्याळ बघत होता.
घरी येताना कविता मोठ्यानं म्हटली. सगळी कडवी. लोक वळून बघत होते— बघोत!

३० मार्च
किती वर्षांनी अशी झोप लागली.

१४ एप्रिल
सूनबाई कागद नाचवत आली, "बाबा, तुमचं नाव छापलंय! आडनावासकट!"
समितीचा अहवाल. 'छापील पद्धतीत दोष नाही. दोष हाताळणीत.' खाली मी, एकटाच.
उद्या नवी डिश लावतो. तळ भरेपर्यंत थांबेन. माझ्या हातांवरचा ठपका पुसायचा, तर साहेबांचं हाड आता मलाच लाल करून दाखवायचंय.