गाडीवरचं नाव

प्रिय धाकट्या,

तुझा फोन आल्यापासून हे पत्र मनात लिहिते आहे. तुमच्या तिकडच्या मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी एकमताने ठरवलं, इथल्या दवाखान्याच्या गाडीवर तुझ्या भाऊजींचं नाव घालायचं. त्यांचा एक चांगला फोटो आणि माझा होकार, एवढंच तू मागितलंस. अक्षरं निळी असतील हेसुद्धा सांगितलंस. मी लगेच हो म्हटलं नाही, तर तू म्हणालास, ताई, भरून आलं असेल, सावकाश कळव. भरून आलं होतं खरं, पण तुला वाटलं त्या कारणाने नाही.

फोटो शोधायला बसले तर धड एक सापडेना. तुम्ही तिकडून पाठवलेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढून देणाऱ्याला पाठवायचा, ही तुमच्या मंडळाची पद्धत. त्यामुळे मध्ये वस्तू, शेजारी हसायला सांगितलेला पेशंट आणि हे अर्धे चौकटीबाहेर. एका फोटोत तर नुसता खांदा आहे. मी ओळखला, बायको आहे शेवटी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर तुझ्या शब्दाखातर ह्यांनी दवाखान्याची देखरेख अंगावर घेतली. मास्तरकी सुटली, पण ह्यांच्यातला मास्तर काही सुटला नाही. तुम्ही परक्या मुलखात राबून इथल्या लोकांसाठी देता, तर कापसाचा बोळासुद्धा देणाऱ्याने सांगितलं तिथेच लागला पाहिजे, हा ह्यांचा हट्ट. एकदा भाजी चिरताना माझं बोट चांगलंच कापलं. दवाखाना घरासमोरच, म्हणून धावत गेले, तर ह्यांनी स्वतःचा रुमाल फाडून बांधला. म्हटलं, अहो, मी पेशंट नाही का? तर म्हणे, मग केसपेपर काढ आणि रांगेत बस. नर्सबाईंची हसून हसून पुरेवाट झाली. मी दोन दिवस अबोला धरला होता. आता त्या दोन दिवसांचंही वाईट वाटतं.

गाडी दिली ती तुमच्या मंडळातल्या त्या आजींनी. त्यांची बहीण बाळंतपणात अडली आणि वेळेवर वाहन न मिळाल्यामुळे गेली, म्हणून गाडी फक्त अडलेल्या बायकांसाठी, ही त्यांची अट. त्यांनी फोनच्या पडद्यावरून हात जोडले आणि ह्यांनी इकडून शब्द दिला. दारावर तशी ओळही रंगवून घेतली, ‘फक्त बाळंतपणासाठी’. त्या गाडीमुळे कितीतरी बायका सुखरूप सुटल्या, हे मी कधीच नाकारणार नाही.

मग तो गवंड्याचा प्रकार झाला. परांचीवरून पडला बिचारा, पायाचं हाड बाहेर आलेलं. ह्यांनी मागचापुढचा विचार न करता गाडी दिली. कुणीतरी कौतुकाने फोटो काढून तुमच्या ग्रुपवर टाकला आणि तिकडे गहजब झाला. आजी रडल्या, दोघं-तिघं मंडळ सोडायला निघाले. तू ह्यांना फोन केलास, पण रागावला नाहीस, तेच वाईट झालं. रागावला असतास तर हे तावातावाने भांडले असते आणि विषय संपला असता. भाऊजी, माझी मान खाली गेली, एवढंच तू म्हणालास. ते ह्यांच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर दुसऱ्या कुठल्या पेशंटला हलवायचं असलं की हे रस्त्यात उभे राहून मिळेल ते वाहन थांबवत आणि स्वतः सोबत जात.

आता जे सांगायचं ते सांगते. त्या दुपारी ह्यांच्या छातीत कळ आली ती दवाखान्यातच. डॉक्टरांचा यायचा वार नव्हता. नर्सबाई म्हणाल्या, ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्या. मी पोचले तेव्हा ड्रायव्हरने गाडी दाराशी लावून मागचं दार उघडून ठेवलं होतं. हे पायरीवर बसलेले, शर्ट घामाने चिंब, आणि नको नको म्हणून मान हलवत होते. आत एक पहिलटकरीण होती, केव्हाही कळा सुरू होतील अशी. तिची वेळ आली तर गाडी कुठून आणायची, म्हणाले. आणि वर म्हणाले, धाकट्याला पुन्हा मान खाली घालायला लावू नका.

ड्रायव्हर पाया पडला. नर्सबाईंनी दंडाला धरून ओढलं. मी नाही नाही ते बोलले, तोंडाला येईल ते. हे उठेनात. शेवटी पलीकडच्या रंगाच्या दुकानदाराने आपला टेम्पो आणला, त्यात मात्र स्वतःच्या पायांनी चढले. डब्यांच्या मध्ये बसून मी ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बाजारात ही गर्दी. भोंगा नसलेल्या टेम्पोला कोण वाट देतं? बाजार संपायच्या आत हे गेले. मला कळलं होतं. पण दुकानदार जीव तोडून हॉर्न वाजवत होता, त्याला मी इस्पितळ येईपर्यंत सांगितलं नाही.

ती पोरगी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच सुटली. मुलगी झाली, दोघी छान आहेत. गाडी जागची हलली नाही.

‘वाटेतच गेले’ असं नर्सबाईंनी तुला कळवलं आणि तू तुझ्यापरीने अर्थ लावलास. फोनवर हुंदके देत म्हणालास, ताई, निदान आपली गाडी तरी होती. मी ते खोडून काढलं नाही. तुला तेवढाच आधार होता. लहानपणापासून तुझ्या ताटातलं काही काढून घेणं मला जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही. पुढेही बोलले नसते.

पण परवा तो ड्रायव्हर आला होता. त्या दिवसापासून माझ्या नजरेला नजर देत नाही. दारातच उभा राहून म्हणाला, काकू, गाडीवर मास्तरांचं नाव आलं आणि उद्या कुणी छातीला हात लावून आलं, तर मी त्याला काय सांगू? म्हणून हे लिहिते आहे. माझा होकार नाही. आधी दारावरची ती ओळ पुसा. गाडी ज्याला लागेल त्याला मिळेल असं बैठकीत ठरवा, मग हवं तर नाव घाला. नाहीतर त्या दारातून जो परत जाईल, तो ह्यांचं नाव वाचून परत जाईल. आजींना हे पत्र वाचून दाखव. बहीण वाटेत गमावलेली बाई आहे, त्यांना कळेल. आणि तू. तू स्वतःला दोष देशील, हे मला माहीत आहे. देऊ नकोस असं लिहायला तीनदा पेन उचललं, पण लिहवलं नाही. तेवढं मन अजून मोठं झालेलं नाही, धाकट्या. तरी फोन कर. मी उचलेन.

तुझीच,
ताई