सात मिनिटांचं सांत्वन

४ मार्च, सोमवार

आज यादीत सहा घरं. सचिवाने सकाळीच चहाबरोबर हातात ठेवली — कोण गेलं, कधी गेलं, मागे कोण आहे. प्रत्येकी सात मिनिटं. सातच का, म्हणून मागे एकदा विचारलं होतं. म्हणाला, "साहेब, पाचात घाई दिसते आणि दहात चहा येतो!"

चार वेळा आमदार झालो तो भाषणांवर नाही, या यादीवर. विरोधक रस्त्यांचे आकडे सांगत बसतात. मी दाराशी चपला काढतो, खाली बसतो, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचा हात हातात घेतो आणि म्हणतो, "माझ्याच घरातलं माणूस गेलं." सगळीकडे हेच वाक्य. बायको म्हणते, एवढी माणसं खरंच आपल्या घरातली गेली असती तर आपण दोघं तरी उरलो असतो का!

५ मार्च

पाच घरं. एके ठिकाणी गेलेल्या आजींना "आजोबा" म्हणून मोकळा झालो. कुणी चूक दाखवली नाही. आमदाराला कोण बोलणार!

७ मार्च, गुरुवार

यादीत तिसरं नाव रंगाऱ्याचं. परवा गेला, असं लिहिलंय. चहा तसाच राहिला.

पहिल्या निवडणुकीत माझ्याकडे जीप नव्हती, त्याच्याकडे सायकल होती. हँडलला रंगाचा डबा अडकवून दीडशे भिंतींवर त्याने एकट्याने माझं नाव रंगवलं. मजुरीचं विचारलं तर हसला. "तू आधी निवडून तर ये, पुढाऱ्या!" शाळेपासून पुढाऱ्याच म्हणायचा.

पुढे त्याची बायको छातीत कळ येऊन गेली. शहरातल्या दवाखान्यात पोचायच्या आतच, जीपमध्ये. त्यानंतर त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली — वस्तीत दवाखाना आणि दवाखान्यात डॉक्टर. इमारत झाली. डॉक्टर आला नाही. त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं मी त्या वाटेला फिरकलेलो नाही.

आता निघतो.

८ मार्च

काल परत आल्यावर लिहायला हात धजला नाही.

पहिली दोन घरं सोडून थेट तिकडेच गेलो. सचिवाला गाडीत थांबायला सांगितलं. मुलगी दारात होती. "बसा काका," एवढंच म्हणाली. रडत नव्हती. धीराची पोर, असं मनात म्हटलं. घरात बाहेरचं कुणी नव्हतं, तेही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी अशा घरांत इकडेतिकडे बघतच नाही कधी.

वाक्य ओठांवर आलं आणि अडकलं. याच्या बाबतीत ते खरंच होतं, म्हणून की काय, फुटेना. मग जे बोलायचं नव्हतं तेच बोलत सुटलो. डॉक्टरची जागा मंजूर झाली होती, पोरी. वरून रद्द झाली, असं मी तुझ्या बाबाला सांगितलं. वरून कुणी काही केलं नाही. मीच पत्र दिलं, ती जागा दुसरीकडे हलवा म्हणून! जिल्हाध्यक्षांच्या डॉक्टर जावयाला घराजवळ नेमणूक हवी होती आणि मला तिसऱ्यांदा तिकीट हवं होतं. ज्याने माझं नाव भिंतीभिंतीवर लिहिलं त्याच्याच तोंडाला मी पानं पुसली. आणि आता सांगतोय! — ढसाढसा रडलो. आई गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो.

आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला.

"पुढाऱ्या," आवाज आला, "मेलेल्या माणसाशी एवढं बोलतोस होय रे?"

आत गेलो. खाटेवर होता, अंगावर नुसती कातडी उरलेली, पण जिवंत! मी ततपप करत राहिलो. तो चिडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसता बघत होता. मग म्हणाला, "हे पोटात होतं म्हणून येत नव्हतास? मला वाटलं, मोठा झालास म्हणून."

निघताना म्हणाला, "रविवारी ये. काही बोलू नकोस. नुसता बस."

येतो म्हणालो.

९ मार्च

सचिवाला कामावरून घालवलं. "जिवंत माणसाला यादीत घातलंस!" म्हणून भेटायला आलेल्या लोकांसमोर ओरडलो. तो म्हणाला, "निरोप आला तसा लिहिला, साहेब." आणखी काही सांगत होता, मी ऐकून घेतलं नाही. चौदा वर्षांत त्याच्या यादीत एक चूक निघाली नव्हती. कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, खुर्ची आत सरकवली आणि गेला.

खरं सांगायचं तर राग यादीचा नव्हताच. माझं रडणं जिवंत माणसाने ऐकलं, याचा होता.

१० मार्च, रविवार

गेलो नाही. रिकाम्या हाताने काय जायचं? डॉक्टरच्या नेमणुकीचा आदेश घेऊनच जाईन. उद्यापासून अधिवेशन आहे, तिथेच काम होईल.

१४ मार्च

मंत्र्यांच्या दालनाबाहेर दोन तास. आतून हसण्याचे आवाज. आत गेलो तर फाइल उघडून म्हणाले, "अहो, ही जागा तर तुम्हीच हलवायला लावलीत!" वरतीच माझं पत्र, खाली माझी झोकदार सही. मग गयावया केली. चार वेळचा आमदार, हात जोडून उभा! "बघतो," म्हणाले.

१७ मार्च, रविवार

आजही नाही. गाडी त्याच्या वस्तीच्या फाट्यावरूनच पुढे गेली. थांबवली असती तर कोण अडवणार होतं? सांत्वनाची चार घरं मात्र झाली. यादी आता बायको करते, पेपर बघून.

२० मार्च

बायको म्हणाली, "अहो, कागदाची वाट कशाला बघताय? तो नुसता बस म्हणालाय ना? मग बसून या की."

तिला काय सांगू! बसणंच तर जड आहे. कागद असला की तो वाचून दाखवता येतो. नुसतं बसायचं म्हणजे त्याच्याकडे बघावं लागणार.

२२ मार्च

आदेश निघाला! डॉक्टर पंधरा दिवसांत रुजू होणार. सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. गाडीत तीनदा वाचला. रविवारी सकाळीच जातो. किती दिवसांनी इतकं हलकं वाटतंय.

२४ मार्च, रविवार

मंगळवारीच गेला.

यादीत नव्हतं. पेपरात नव्हतं. त्याची बातमी कोण छापणार होतं?

चपला काढल्या, खाली बसलो. मुलीचा हात हातात घेतला, पण ते वाक्य म्हणायचं धाडस झालं नाही. दुसरं वाक्य मला येतच नाही. शेवटी आदेश पुढे केला. तिने तो शेवटपर्यंत वाचला, नीट घडी घातली आणि परत दिला. "तुमच्याकडेच राहू द्या, काका. डॉक्टर आला की आम्हाला दिसेलच."

काही बोलला होता का, विचारलं.

"दोन रविवार दार उघडं ठेवायला लावलं. सोमवारी म्हणाले, लाव आता, वारा येतो."

किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. ड्रायव्हर बघायला आला तेव्हा उठलो. खूप रडावंसं वाटलं, पण रडू आलं नाही.

२५ मार्च

सकाळी मुलीला फोन केला. म्हटलं, तो खोटा निरोप कुणी दिला होता ते कळलं का तुम्हाला? मी माझा माणूस त्यापायी घालवला. ती म्हणाली, "मीच दिला होता, काका. बाबांनी द्यायला लावला. म्हणाले, मी गेलो म्हणून कळव, नाहीतर तो यायचा नाही."