डोळ्यांवर येणारं मीठ

आई, तुझी विद्या मी या वयात रोज सकाळी वापरतो, हे तुला कळलं तर तू हसशील की कपाळावर हात मारून घेशील, सांगता येत नाही. आमच्या मुलुंडच्या घरात सगळ्यात आधी मीच उठतो. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे दोन स्टीलचे चमचे ठेवलेले असतात, ते काढतो, क्षणभर नळाखाली धरतो, तू सांगितल्याप्रमाणे आधी मनगटाला लावून बघतो आणि मग त्यांची पाठ डोळ्यांखाली टेकवतो. नाकाकडून कानाकडे, हलक्या हाताने. बुबुळावर दाबायचं नाही, चोळायचं तर मुळीच नाही. चष्म्याला वर्षं झाली, डोक्यावर केस राहिले नाहीत, आणि मी बाथरूमच्या आरशासमोर नव्या नवरीसारखा डोळे शेकत उभा असतो. नाही, शेकत नाही, गार करत. तुला चुकीचा शब्द खपायचा नाही.

डोळे सुजतात कारण मी रडतो. एवढं सरळ वाक्य मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही, म्हणून तुला लिहून दाखवतोय. तुझी नात आठ महिने झाले या घरात आलेली नाही. मीच तिला येऊ नको म्हणालो. दिवसा मी तिचं नाव काढत नाही आणि तुझ्या सुनेलाही काढू देत नाही. उशीवर डोकं टेकलं की मात्र माझं मीपण गळून पडतं. सकाळी तोंड फुगलेलं असतं आणि चहाच्या टेबलावर मला पुन्हा कडक बाप म्हणून बसायचं असतं. त्यासाठी चमचे.

घाटकोपरच्या चाळीत तुझ्याकडे फ्रीज कुठला? तू माठातलं पाणी पितळी पेल्यात घ्यायचीस आणि चमचे त्यात बुडवून ठेवायचीस. कधी सकाळच्या चहाचा चोथा निववून बाबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधायचीस आणि भिंतीला टेकून, मान मागे टाकून, दोन्ही डोळ्यांवर ठेवायचीस. बटाटा चिरायला घेतला की दोन चकत्या बाजूला पडायच्या. झोपताना उशाखाली गोधडीची एक घडी जास्त घालायचीस, डोकं उंच राहिलं की सूज कमी धरते म्हणून. हे सगळं नळावर जायच्या आधी उरकायचं असायचं, कारण नळ म्हणजे चाळीतल्या बायकांचा आरसा. हंडा भरायला रांगेत उभं राहिलं की कुणाचा चेहरा कसा आहे, याची नोंद सगळ्यांकडे व्हायची.

एकदा तुला उशीर झाला. मी तुझ्याबरोबर कळशी घेऊन आलोय, दुसरीत वगैरे असेन. शेजारची काकी तुझ्याकडे बघून म्हणते, "काय गं, डोळे काय सुजलेत एवढे?" तू हंडा नळाखाली सरकवत म्हणतेस, "रात्री सुको बांगडो खाल्लंय गो. मीठ डोळ्यार येता माझ्या." आणि मी, हुशार बाळ, मध्येच खणखणीत आवाजात सांगतो, "काल बांगडा कुठे होता आई? काल तर वरणभात होता." काकीने तोंड फिरवलं. तू हंडा काठोकाठ भरलास, डोक्यावर घेतलास आणि एक थेंब न सांडता घरी आलीस. मला वाटलं आता पाठीत धपाटा. तू मारलं नाहीस. माझ्यासमोर बसून हळू आवाजात म्हणालीस, "झिला, चार माणसांत आईक खोटा पाडू नये." मग बहुतेक माझा चेहरा बघून तुझं मन विरघळलं असावं, कारण त्या दिवसापासून चमचे गार करायचं काम तू मला दिलंस. मला केवढा अभिमान वाटायचा! शाळेत जायच्या आधी मी पेल्यातून चमचे काढायचो, मनगटाला लावून बघायचो आणि तुला आणून द्यायचो. का लागतात, हे काही विचारायचो नाही. बांगडा म्हणजे बांगडा.

हीच विद्या मी माझ्या मुलीला दिली. तिचं लग्न ठरलं होतं. बोरिवलीचं घर, माणसं बोलायला गोड, मुलाची नोकरी चांगली, मी नुसता हवेत होतो. पोरगी पवईच्या ऑफिसातून दमून यायची आणि सकाळी उठायची ती डोळे सुजवून. मी उत्साहाने पुढे सरसावलो. तिला सोफ्यावर आडवी केली, बटाट्याच्या गार चकत्या डोळ्यांवर ठेवल्या आणि ही तिच्या आजीची युक्ती म्हणून तिला तुझ्या गोष्टी सांगत बसलो. दुसऱ्या दिवशी चमचे. तिसऱ्या दिवशी तिच्याच ग्रीन टीच्या पिशव्या. तिच्या आईला मी रात्रीच्या लोणच्या-पापडावर बंदी घालायला लावली. एका सकाळी ती चकत्यांखालूनच म्हणाली, "बाबा, तू विचारणार नाहीस का, कशाने सुजतात ते?"

"त्यात विचारायचं काय? लग्नघर आहे. झोप कुठे होते कुणाची?"

"आजीला कधी कोणी विचारलं होतं?"

"आजीला सुका बांगडा बाधायचा," मी म्हणालो आणि स्वतःच मोठ्याने हसलो. ती हसली नाही. चकत्या होत्या म्हणून मला तिचे डोळे दिसले नाहीत, असं मी स्वतःला समजावतो. पण चकत्या मीच ठेवल्या होत्या ना?

त्याच दिवशी संध्याकाळी पाहुणे आले. तिचे डोळे अगदी स्वच्छ दिसत होते. कुणाला काही कळलं नाही आणि मला वाटलं, वा, काय झकास उतरवली सूज. आता ते आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

पुढे पत्रिका वाटून झाल्यावर तिने लग्न करणार नाही म्हणून सांगितलं. तो मुलगा तिचा फोन तपासायचा, कुणाशी बोललीस म्हणून ओरडायचा. साकीनाक्याला भर ट्रॅफिकमध्ये एकदा त्याने तिला रिक्षातून खाली उतरवून दिलं होतं आणि ती तिथून चालत आली होती. हे सगळं ऐकून मी काय बोललो असेन? "आधी का नाही सांगितलंस?" असं म्हणालो. मग मी लोकांना काय तोंड दाखवू यावर घसरलो, हॉल, जेवण, गावाहून येणारे नातेवाईक, एकेक काढत आवाज चढवत गेलो आणि शेवटी म्हणालो, "तुझ्या मनासारखंच करायचं असेल तर या घरात पाऊल ठेवू नकोस." ते वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला ओळखीचं वाटलं. बाबांचं होतं ते. मामाच्या लग्नात मानपानावरून बिनसलं तेव्हा, तुला उद्देशून म्हटलेलं, की त्या माहेरच्या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. फक्त बाबा ओरडले नव्हते. ती आता पवईला मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. इथून रिक्षाने किती वेळ लागतो म्हणतेस? मनात आणलं तर ताटातलं जेवण गार व्हायच्या आत पोचेन.

आज सकाळी नेहमीसारखा फ्रीजर उघडला. मटारची पिशवी सरकली आणि मागून काहीतरी खणकन खाली पडलं. छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन चमचे. माझे माझ्या जागेवरच होते. हे दुसरे, दांड्यावर फुलं असलेले, आमच्या लग्नात आलेल्या सेटमधले. मी उघड्या फ्रीजरसमोर तसाच उभा राहिलो. एकाच घरात, एकाच फ्रीजरमध्ये, नवऱ्याचे वेगळे आणि बायकोचे वेगळे. सगळ्यात आधी मीच उठतो म्हणून वर लिहिलं खरं, पण माझ्याही आधी ती कधी उठते, मला पत्ता नाही. किती दिवस चाललंय, तेही माहीत नाही. मी तिचे चमचे जसे होते तसे परत ठेवले, चोरासारखे.

चहाच्या वेळी मी तिच्याकडे नीट पाहिलं. सूज उतरली होती, पण पूर्ण नाही, डाव्या डोळ्याखाली थोडी राहिली होती. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. कप पुढे सरकवत ती म्हणाली, "काय बघताय? रात्री पापड खाल्ले ना, मला मीठ सोसत नाही हल्ली."

आई, काल पापड नव्हते. आमच्या जेवणात मुगाची खिचडी होती आणि ताक.

आणि मी काय म्हणालो, सांगू? मी म्हणालो, "हो, मीठ कमी करायला हवं आपण." ती "हो" म्हणाली. आम्ही चहा प्यायलो.

हे वाक्य माझ्या तोंडात नवं नाही, हेच तुला सांगायचं होतं, आणि त्यासाठीच मी एवढा वेळ चमच्यांचं पुराण लावलंय. तुझी आई गेल्याची तार आली तेव्हा मी दहावीत होतो. बाबांनी तुला लगेच जाऊ दिलं नाही, तू पोचलीस ती बाराव्याला. त्यानंतर कित्येक सकाळी तू पेल्यात चमचे टाकायचीस. बांगड्याचा काही संबंध नाही, हे मला तेव्हा चांगलं कळत होतं. तुला विचारलं असतं तर तू काहीतरी सांगितलं असतंस, आणि ते ऐकल्यावर मला बाबांसमोर उभं राहावं लागलं असतं. माझी छाती नव्हती. म्हणून मी दप्तर भरता भरता म्हणायचो, "आई, रात्री मीठ कमी खात जा." आणि तू मान डोलवायचीस. चार माणसांत आईला खोटं पाडू नये, असं तू म्हणालीस, ते मी असं पाळलं की घरात दोघंच असतानाही तुला कधी खोटं पाडलं नाही.

तुझी सून भाजी घेऊन परत आलीय. स्वयंपाकघरात पिशवी रिकामी करतेय, भेंड्या ओट्यावर पडल्याचा आवाज येतोय. हे पत्र तुला कुठे पाठवणार, आणि तिला दाखवायची माझी हिंमत नाही. मी एवढंच करायचं ठरवलंय की उठायचं, आत जायचं आणि नळावरच्या त्या पोरासारखं खणखणीत आवाजात म्हणायचं, काल पापड नव्हते. मग ती जे सांगेल ते ऐकायचं, आणि दोघांनी मिळून पवईला फोन लावायचा. ठरवून झालं, लिहूनही झालं. आता भेंड्या चिरल्या जातायत. मी अजून खुर्चीतच आहे, आई.